चुली किती लिहू?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. राहायला बोरगाव मेघेला, म्हणजे वर्ध्याला अगदी लागून. वर्धा कुठं संपतं आणि बोरगाव कुठं सुरू होतं, हे नवख्या माणसाला रस्त्यावर उभं राहून सांगता येणार नाही. शिक्षकाच्या नोकरीत शिकवण्याबरोबर जी बाकीची कामं गळ्यात पडतात, त्यांतलं एक म्हणजे जनगणना. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत मी पिशवीत कागद घेऊन घरोघर फिरलो. त्यात एक प्रश्न शेकडो वेळा विचारला. तोच आज तुम्हाला विचारतो. तुमच्या घरात चुली किती?

तुम्ही म्हणाल, आता चूल कुठं राहिली? घरोघरी गॅस आला. खरं आहे. पण आपल्या भाषेत चूल म्हणजे नुसता मातीचा उंचवटा नव्हे. "त्यांनी चूल वेगळी मांडली" म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. गॅसची शेगडी नवी आणली, तरी वेगळी मांडली ती चूलच.

आणि गंमत अशी, की सरकारची व्याख्याही हीच आहे. जनगणनेच्या लेखी कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे अशी अट नाही. नात्याची, बिननात्याची किंवा मिश्र, कशीही माणसं चालतात. सालदार गडी घरातच राहत आणि जेवत असेल, तर तो त्या कुटुंबातला एक. उलट सख्खे भाऊ एका छपराखाली राहून वेगळं शिजवत असतील, तर ती दोन कुटुंबं. छप्पर, सातबारा किंवा आडनाव यांवरून हे ठरत नाही. अन्न कुठं शिजतं, यावरून ठरतं.

आता वर्ध्याची एक गोष्ट सांगतो. २००१ साली वर्धा शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या आसपास होती. २०११ साली ती वाढायच्या ऐवजी घटून एक लाख सहा हजारांच्या आसपास आली. माणसं कुठं गेली? फार लांब गेली नाहीत. भोवतालच्या बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे अशा गावांत ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली. जुन्या वर्ध्यातल्या एका मोठ्या घराच्या दोन-तीन चुली झाल्या आणि त्यांतल्या काही इकडं येऊन पेटल्या. बोरगावचा कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या पुस्तकात ते शहर म्हणून मोजलं जातं. कारण पाच हजारांवर वस्ती, दाट घरं आणि शेतीबाहेर काम करणारे पुरुष तीन चतुर्थांशांहून जास्त, या तीन अटी पूर्ण झाल्या, की गाव कागदोपत्री शहर होतं.

अशा गावात घरांचे प्रकार तरी किती असावेत? पाठ्यपुस्तकात दोनच असतात, एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब. आपली मराठी त्याहून श्रीमंत आहे. पंधरावीस माणसांचं ते 'खटलं'. किरायाच्या खोलीत थाटलेलं ते 'बिऱ्हाड'. नवराबायकोचा तो 'संसार'. आणि जुन्या पिढीत "आमचं कुटुंब" म्हणजे तर चक्क बायको! हे सगळे शब्द मी माझ्या गटात हिंडताना जिवंत पाहिले.

एका घरात तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं आणि आई. चूल एक. पोळ्या करायला सकाळी दोन सुना बसायच्या. पुढच्या गल्लीत नवराबायको आणि दोन मुलं, चौकोनी घर. त्याच्या वरच्या मजल्यावर नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली. गावं वेगळी, जाती वेगळ्या, पण भाजीचे पैसे एकत्र आणि स्वयंपाक पाळीपाळीनं. नियमाप्रमाणे ते एक कुटुंब. शेजारच्या खोलीत तीन मुलं राहत होती, तिघंही एकाच गावची, लहानपणापासूनचे मित्र. पण प्रत्येकाचा डबा वेगळ्या मेसमधून. खोलीत शिजत काहीच नाही. नियम म्हणतो, बिननात्याची माणसं एकत्र राहत असली, तरी सामाईक स्वयंपाक नसेल, तर प्रत्येकाचं कुटुंब वेगळं. म्हणजे एका खोलीत, एका पंख्याखाली तीन कुटुंबं! मुलं हसली. म्हणाली, "गुरुजी, आम्ही तिघंही कुटुंबप्रमुख झालो की!"

यापलीकडं एक प्रकार आहे आणि त्यात आमचा जिल्हा फार पुढं आहे. नात्यागोत्याची नसलेली माणसं एखाद्या संस्थेत राहतात आणि एका रसोड्यात जेवतात, त्याला जनगणना 'संस्थात्मक कुटुंब' म्हणते. वसतिगृह, तुरुंग, आश्रम हे सगळे त्यात येतात. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. त्याच गावाला पुढं सेवाग्राम नाव पडलं. तिथं देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतली आणि परदेशांतलीही माणसं एका रसोड्यात जेवत. जिथं पंगतीला जात विचारली जायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९५९ साली विनोबांनी पवनारला बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथंही वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या स्त्रिया एकत्र राहिल्या आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं वाटून घेत आल्या. ज्या जिल्ह्यानं एवढी मोठी चूल पाहिली, त्याला कुटुंबाचा अर्थ नव्यानं सांगायची गरज पडू नये.

आता थोडं लांब जाऊ. माझी नात कॉलेजात आहे. हल्लीच्या बऱ्याच मुलींप्रमाणे तीही कोरियन मालिका पाहते. मी आधी नाक मुरडायचो. एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, कोरियन भाषेत घरच्या माणसांना 'सिक्कू' म्हणतात. त्यातल्या 'सिक्'चा अर्थ खाणं आणि 'कू'चा अर्थ तोंड." मी चमकलोच. आपण नाही का विचारत, "घरात खाणारी तोंडं किती?" हजारो कोस दूरची, आपल्याशी काही नातं नसलेली भाषा, पण तिनंही घरचं माणूस ओळखायची खूण तीच ठरवली. सोबत जेवतो, तो आपला.

मग मी नातीला आणखी खोदून विचारलं. तिकडं एक शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'रानहंस बाप'. मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून बायको मुलांना घेऊन अमेरिका, कॅनडा अशा देशांत बिऱ्हाड करते. बाप मायदेशी एकटा राहतो, नोकरी करून पैसे पाठवतो आणि वर्षातून एखाद-दोन वेळा लांबचं अंतर तोडून भेटायला जातो. ऋतू पाहून ये-जा करणाऱ्या रानहंसासारखा. आता कॅनडात कोणत्या भाषेची माणसं कोणत्या प्रकारच्या घरांत राहतात, याचे शहरवार तक्ते निघतात. अशा तक्त्यात हे घर कसं दिसणार? आई आणि मुलं. बापाचा पत्ता नाही. तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, घर मोडलं. खरं तर ते घर टिकावं आणि मुलांचं भलं व्हावं, म्हणून बाप एकटा जेवतो आहे.

हे ऐकलं आणि मला बोरगावातली किती तरी दारं आठवली. आमच्याकडं विमानाची गरज नाही, एसटी पुरते. देवळी, हिंगणघाट, आर्वीकडच्या खेड्यांतून बाया मुलांना घेऊन शाळेसाठी आणि शिकवणीसाठी वर्ध्याला खोली करून राहतात. नवरा गावी कपाशी आणि तुरी राखतो. आठवड्याला कधी तरी पिशवीत डाळ, भाजी, शेंगा घेऊन येतो, मुलांच्या वह्या उलट्यासुलट्या पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. जनगणनेत त्याची नोंद गावात, बायकोमुलांची बोरगावात. कागदावर दोन कुटुंबं. मी एका बाईंना विचारलं, "घरात कोण कोण?" त्यांनी आधी नवऱ्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "ते इथं राहत नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "राहत नाहीत, पण घर तर त्यांचंच आहे ना?" काय लिहायचं ते मला माहीत होतं. काय उत्तर द्यायचं ते माहीत नव्हतं.

कोरियन माणसं आता आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पुण्याजवळ रांजणगावला एलजी कंपनीचा कारखाना आहे. अशा कारखान्यांमुळं पुण्याकडं कोरियन बिऱ्हाडं आली, कुणी बायकामुलांसह, कुणी एकटं. पण २०११च्या भाषांच्या यादीत कोरियन भाषा शोधाल, तर सापडणार नाही. देशभरात दहा हजारांपेक्षा कमी लोक जी भाषा बोलतात, ती आपल्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात जाते. त्यांचं घर कसं आहे, तिथं कोण कुणासोबत जेवतं, हे त्या 'इतर'मधून कळायचं नाही. मोजणीत जो वेगळा दिसत नाही, त्याच्याबद्दल कुणी विचारतही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडच्या अभ्यासकांनी या विषयावर फार मोलाचं काम केलं आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला. एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगताना त्यांनी छप्पर, चूल, मालमत्ता आणि देवधर्म या सगळ्यांचा विचार केला. पुढं आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावाचा अभ्यास करून दाखवलं, की वेगळं राहणारी घरंसुद्धा देणंघेणं आणि कर्तव्य यांनी एकत्र बांधलेली असतात. ए. एम. शहा यांचं १९७३चं पुस्तक सांगतं, की 'घर' आणि 'कुटुंब' या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा, नाही तर गोंधळ होतो. माझ्यासारख्यानं त्यातून एवढंच घेतलं, की चूल वेगळी झाली म्हणजे नातं तुटलं असं नाही आणि चूल एक दिसते म्हणजे सगळे पोटभर जेवतात असंही नाही.

आता या दुसऱ्या वाक्याची गोष्ट सांगतो. जनगणनेत लोकांनी सांगितलेली माहिती कायद्यानं गुप्त असते. म्हणून नाव, गल्ली काही सांगणार नाही आणि दोन-चार खुणा बदलूनच सांगतो.

२००१ साल. एका घराच्या पुढच्या भागात एक गृहस्थ, त्यांची बायको आणि मुलं. मागच्या अंगाला पत्र्याची खोली. तिथं त्यांची विधवा भावजय राहायची. मी मागं गेलो, तर दाराशी स्टोव्ह, त्यावर वरणाचं गंज, शेजारी एकच ताट. मी कागद काढला. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "गुरुजी, चूल एकच लिहा."

मी म्हटलं, "मावशी, तुमचा स्वयंपाक तर वेगळा दिसतो."

त्यांनी पुढच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोन लिहाल त भाऊजी म्हणतीन, वहिनीले हिस्सा पाह्यजे."

मी काय करायला हवं होतं? नियम स्पष्ट होता. डोळ्यांना दिसत होतं. पण उन्हं चढली होती, अजून कितीतरी घरं राहिली होती आणि बाईंच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. मी एकच चूल लिहिली. 'प्रमुखाची भावजय' म्हणून त्यांचं नाव पुढच्या घराच्या कागदावर घातलं आणि निघालो. मनाशी म्हटलं, त्यांच्याच भल्याचं केलं.

त्या वेळी त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या, त्या मी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे, जनगणनेच्या कागदावरून कुणाला हिस्सा मिळत नाही आणि कुणाचा जातही नाही. तो कागद कोर्टात किंवा तलाठ्याकडं दाखवायचा नसतो. दुसरी म्हणजे, हिंदू वारसा कायदा १९५६ पासून आहे आणि नवऱ्याच्या मिळकतीत विधवेचा वाटा त्या कायद्यानं धरलेला आहे. चूल एक लिहा नाही तर दोन.

पुढं कळत गेलं, की जे मी केलं तेच सगळे करत आले होते. रेशनकार्डात त्यांचं नाव दिराच्या घरात. धान्य यायचं ते पुढच्या दारी. मागं किती पोचायचं, ते पुढच्यांच्या मनावर. घरकुलाची यादी झाली, तेव्हा त्या 'कुटुंबातल्या', म्हणून वेगळा विचार नाही. कुणीही त्यांच्याशी मुद्दाम वाईट वागलं होतं असं नाही. प्रत्येकानं एक चूल कमी लिहिली होती, एवढंच. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली. त्या सहांत आमचा वर्धा जिल्हा होता. अशा जिल्ह्यात मागच्या खोलीत एकटं शिजवणाऱ्या बायांची मोजणी चुकणं ही किरकोळ चूक नाही.

कागदाला किती किंमत असते ते पाहा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डावर दर कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य आहे, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी पाच किलो. म्हणजे कुटुंब एक की दोन, यावर पोत्याचं वजन ठरतं. त्याच कायद्यानं एक चांगली गोष्ट केली. रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली. कोरियातसुद्धा पुरुष प्रमुखाच्या नावानं घराची नोंद ठेवायची जुनी पद्धत होती. बायांनी बरीच वर्षं लढा दिला आणि २००८च्या सुरुवातीला ती पद्धत गेली. आज तिथं दर तीन घरांमागं एकाहून जास्त घर एकट्या माणसाचं आहे. हा आकडा वाचून तिथले लोक काळजीत पडतात. पण तो आकडा त्यांच्यापुढं आहे, म्हणून एकट्या म्हाताऱ्यांचं काय करायचं, यावर ते बोलू तरी शकतात. आपल्याकडं अशी कित्येक एकटी घरं दुसऱ्याच्या चुलीआड झाकलेली आहेत.

दहा वर्षांनी, २०११च्या फेब्रुवारीत, योगायोगानं तोच भाग पुन्हा माझ्याकडं आला. ते घर आलं तशी मनात जरा धाकधूक झाली. पुढच्या घराची माहिती घेतली आणि मागं वळलो, तर त्या दारातच उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. स्टोव्हच्या जागी छोटी गॅसची शेगडी होती. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "गुरुजी, या खेपेले दोन लिहा."

मी दोन लिहिल्या. वेगळा कागद घेतला, प्रमुखाच्या जागी त्यांचं नाव घातलं, सदस्य संख्या एक. सहीसाठी कागद पुढं केला. त्यांनी अंगठा लावला नाही. हळूहळू, एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. मी विचारलं, "भाऊजी काही म्हणणार नाहीत?" त्या म्हणाल्या, "म्हणू द्या. शिजवतो त मीच ना."

श्रोतेहो, २०२१ची जनगणना कोरोनामुळं लांबली. आता नवी जनगणना ठरली आहे आणि तिची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. या वेळी मोबाइलवर घरबसल्या स्वतःच माहिती भरायची सोय आहे. चांगली सोय आहे, माझ्यासारख्या गुरुजींचे पाय वाचतील. पण मला एक चिंता वाटते. मोबाइल कुणाच्या हातात असतो? पुढच्या खोलीतल्या कर्त्या माणसाच्या. मागच्या खोलीतली चूल मोजायची की नाही, हे आता तोच ठरवणार. मी निदान मागं चालत जाऊन ताट पाहिलं होतं, आणि तरी चुकीचं लिहिलं.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. माहिती भरायला बसाल, तेव्हा आधी उठून घराच्या मागच्या अंगाला एक चक्कर मारा. वरच्या खोलीत डोकावा. कोण कुणासोबत जेवतं, ते पाहा. आई वेगळं शिजवत असेल, तर तसं लिहा. त्यात घराची लाज नाही. वहिनी, आत्या, सोडून दिलेली बहीण एकटी शिजवत असेल, तर तिचं घर तिच्या नावानं लिहा. त्यानं तुमचं घर मोडणार नाही. आणि जे मोजणीला जाणार आहेत, त्या माझ्या शिक्षक भाऊबहिणींना सांगतो, पुढच्या दाराशी सही घेऊन परत फिरू नका. मागं एक दार असतं.

आणि घर कागदावर वेगळं लिहिलं, म्हणून सणाला एका पंगतीत बसायला कुणाची मनाई नाही. त्या मावशींच्या घरीही नव्हती. त्या वर्षीच्या दिवाळीत दोन्ही घरांचा फराळ एकाच कढईत तळला गेला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. कढई त्यांची होती.